मिस्सा कोणाची?

लॉकडाऊनचा पहिला रविवार, 29 मार्च 2020. बेंगळुरूतली चर्च बंद होती. वसईहून भावाने गावाकडच्या मिस्सेची यूट्यूबची लिंक पाठवली. मी फोन ओट्यावर लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा केला आणि चहा गाळायला लागले. आईने ते पाहिलं. काही बोलली नाही. आतून तिपाई आणली, तिच्यावर धुतलेला पांढरा रुमाल अंथरला, फोन बरणीपासून उचलून त्यावर ठेवला आणि साडी बदलायला गेली. शहात्तर वर्षांची बाई, दाराबाहेर पाऊल टाकायची सोय नाही, आणि ती चर्चला जायची साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन तिपाईसमोर आली. पुढचा पाऊण तास ती जिथे उभं राहायचं तिथे उभी राहिली, जिथे बसायचं तिथे बसली. गुडघे टेकत नाहीत म्हणून खुर्चीच्या पाठीला धरून वाकली. मधेच कुठल्याशा क्रेडिट कार्डवाल्याचा फोन आला आणि पडद्यावरची वेदी नाहीशी झाली. मी तो कापेपर्यंत तिने जोडलेले हात खाली घेतले नाहीत.

संध्याकाळी भावाचा फोन. "आई, मिस्सा ऐकलीस?" आमच्याकडे मिस्सा ऐकतात, पोर्तुगीज गेले, त्यांच्या बोलण्याची ही लकब राहिली.

"नाही रे," ती म्हणाली. "प्रार्थना केली."

मला हे चमत्कारिक वाटलं. त्या पाऊण तासात तिने दाखवला तेवढा आदर मी प्रत्यक्ष चर्चमध्येही कधी दाखवलेला नाही. मग तिने तिला मिस्सा का म्हणू नये? मी तसं विचारलं. ती म्हणाली, "मिस्सा तिकडे झाली. मी इकडे होते."

कॅथलिक उपासनेबद्दल बोलताना दोन शब्द जोडीने येतात. उपासना आदराची असावी आणि निष्ठेची असावी. जोडीने इतक्या वेळा येतात की आपण ते एकच समजतो. त्या रविवारी आईने ते दोन्ही वेगळे करून दाखवले. आदर तिच्या हातात होता आणि तिने तो फोनच्या काचेलाही दिला. पण ज्याला निष्ठा म्हणतात ती तिला आपल्या बाजूने पुरी करता येईना, कारण ती जिच्याशी असायची ती गोष्ट त्या खोलीत नव्हती. पुढे त्याच वर्षी रोममधून उपासनाविभागाचे प्रमुख कार्डिनल रॉबर्ट सारा यांचं पत्र आलं. कोणतंही प्रक्षेपण प्रत्यक्ष सहभागाची बरोबरी करू शकत नाही, असं त्यात होतं. आईने ते पत्र वाचलेलं नाही. तिला गरजही नव्हती.

हे सगळं मला इतकं लागलं, त्याला एक जुना प्रसंग कारण आहे. आम्ही राहतो तिथून जवळच, हचिन्स रोडवर, एनबीसीएलसी आहे: नॅशनल बिब्लिकल, कॅटेकेटिकल अँड लिटर्जिकल सेंटर. 1967 साली फादर डी. एस. अमलोरपवदास यांनी हे केंद्र उभं केलं. दुसरी व्हॅटिकन परिषद संपून दोनच वर्षं झाली होती. त्या परिषदेने 1963 साली उपासनेबद्दलचा पहिला दस्तऐवज दिला, लोकभाषेला दार उघडलं, आणि निरनिराळ्या समाजांच्या परंपरांना उपासनेत वाव देता येईल असं म्हटलं. अमलोरपवदास यांनी ते शब्द गंभीरपणे घेतले. भारतातल्या बिशपांनी बारा मुद्द्यांचा प्रस्ताव पाठवला आणि रोमने 25 एप्रिल 1969 रोजी तो मान्य केला.

हे बारा मुद्दे वाचण्यासारखे आहेत, कारण जवळपास सगळे शरीराबद्दल आहेत. बसायचं जमिनीवर. पादत्राणं काढायची. गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून खोल वाकायचं. पश्चात्तापाच्या वेळी पंचांग प्रणाम करता येईल. पवित्र वस्तूचं चुंबन घ्यायच्या जागी तिला बोटांनी स्पर्श करून ती बोटं डोळ्यांना किंवा कपाळाला लावायची. धूप दाखवायला साखळीच्या पात्राऐवजी मुठीचं साधं धूपपात्र. मेणबत्त्यांऐवजी तेलाचे दिवे. वेदीवरच्या कापडाऐवजी तबक. पुरोहिताला अंगरखा आणि अंगवस्त्र. अर्पणाच्या वेळी आणि महाप्रार्थनेच्या शेवटी फुलांची, धुपाची, दिव्याची आरती.

यात मला वावगं काही दिसत नाही. उलट शहाणपण दिसतं. आदर नुसता मनात धरून राहत नाही, तो अंगाला शिकवावा लागतो आणि अंग आपल्या गावात शिकतं. एक गुडघा टेकणं ही युरोपातल्या दरबारांची रीत. सरदार आपल्या धन्यापुढे तसा वाकायचा. भारतातल्या माणसाने देवापुढे युरोपी सरदारासारखं का वाकावं? आपण आयुष्यभर ज्या माणसांना मान दिला त्यांच्यापुढे हातच जोडले ना?

तर दहा-बारा वर्षांपूर्वी आई सुट्टीला आली असताना मी तिला त्या केंद्रातल्या एका मिस्सेला घेऊन गेले. प्रार्थनाघराची बांधणी देवळाची आठवण करून देणारी. पुण्यात जन्मलेले आणि पुढे बेंगळुरूजवळ सिल्वेपुरा इथे स्थायिक झालेले चित्रकार ज्योती साही यांचा या केंद्राशी जुना संबंध. मला ती जागा फार आवडते. आईने दारात चपला काढल्या, जमिनीवर बसली, पंचांग प्रणामाच्या वेळी जमेल तेवढी वाकली. मग आरती आली. तबकात दिवा आणि फुलं, तीन मुली, मागे भजनाचा ठेका. मी बाजूला पाहिलं. आई पाठ ताठ करून बसली होती, परक्या घरी जेवायला बसल्यासारखी.

रिक्षात ती म्हणाली, "आरती छान होती. पण आपल्याकडे कधी आरती होती? माझ्या आजीने केली नाही, तिच्या आजीने केली नाही. हे आपलं आहे असं यांना कुणी सांगितलं?"

मी तेव्हा तिला समजावलं, जरा शिकवणीच्या सुरात. आपले पूर्वज धर्मांतराच्या आधी करत असतील, ते आपल्याकडून काढून घेतलं गेलं, आता परत मिळतंय. यात खोटं काही नव्हतं. गोव्याच्या इन्क्विझिशनने 1736 साली काढलेला फतवा घराघरांतल्या बारीकसारीक हिंदू चालीरीतींवर बंदी घालत होता. वसईतून पोर्तुगीज 1739 साली गेले, युरोपी पाद्री गेले, गोव्याचे देशी पाद्री आले आणि लोकांनी उरलेलं सगळं धरून ठेवलं. पण आईच्या प्रश्नाला हे उत्तर नव्हतं. ज्या गोष्टीशी चारशे वर्षं माझा संबंध नाही, ती मला परत देताना ती माझीच आहे हे देणारा कशावरून ठरवतो?

हाच प्रश्न याच शहरात एका वेगळ्या बाजूने विचारला गेला होता. 1981 साली इथल्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल यांनी शूद्र ईश्वरशास्त्राकडे जाणारं एक भाषण केलं. त्यातून पुढे दलित ईश्वरशास्त्र उभं राहिलं. ते प्रोटेस्टंट होते आणि त्यांचा रोख मिस्सेवर नव्हता. पण त्यांचं म्हणणं आरतीच्या तबकालाही लागू पडतं. भारतीय ख्रिस्ती विचार म्हणून जे मांडलं जातं ते ब्राह्मणी परंपरेचं ख्रिस्ती रूप आहे, असं ते सांगत होते. भारतातल्या ख्रिस्ती लोकांत दलितांची संख्या मोठी. त्यांच्या पणजोबांना ज्या गाभाऱ्यापर्यंत जाऊ दिलं नाही, त्या गाभाऱ्यातली आरती त्यांच्या वेदीसमोर आणून "घ्या, तुमची संस्कृती" म्हणायचं, हे कुठला आदर ठरेल?

विरोध दुसऱ्या टोकाकडूनही झाला. 1980च्या दशकात व्हिक्टर कुलांदई यांनी 'द पेगनायझेशन ऑफ द चर्च इन इंडिया' हे पुस्तक लिहून या साऱ्याला मूर्तिपूजा ठरवलं. त्या पुस्तकाचा सूर मला सोसत नाही. पण माझी आई कुलांदई नव्हे आणि निर्मलही नव्हे. तिचा आक्षेप देवळावर नव्हता, जातीवरही नव्हता. आपल्याला न विचारता आपल्या वतीने आठवण काढली गेली, यावर होता.

आता याच्या उलटं काय घडतं ते पाहायचं तर शिवाजीनगरला जावं. सेंट मेरीज बॅसिलिका, 8 सप्टेंबरचा सण, त्याआधी नऊ दिवसांचा नोव्हेना. (शिवाजीनगर नावाने मराठी वाचकाचे कान टवकारतील. 2025च्या सणाच्या दिवशी तिथल्या मेट्रो स्टेशनला सेंट मेरीचं नाव देण्याची गोष्ट मुख्यमंत्र्यांनी काढली आणि वाद थेट मुंबईपर्यंत गेला. नवस फेडायला आलेल्या बायकांना त्याचा पत्ताही नसावा.) तिथे मारियेला साडी नेसवलेली असते. भगव्या कपड्यांतले लोक अनवाणी येतात. कन्नड, तमिळ, इंग्रजी मिस्सा एकीमागून एक चालू असतात आणि रांगेत हिंदू किती, मुसलमान किती, कोणी मोजत नाही. यातलं काहीही त्या बारा मुद्द्यांतून आलेलं नाही; कोणत्या समितीने ठरवलं नाही, कोणत्या केंद्राने शिकवलं नाही.

आईला तिथे नेलं तेव्हा तिने पायरीवर चपला काढल्या. वसईत चर्चमध्ये चपला काढायची रीत नाही. मी विचारलं तर म्हणाली, "पुढची बाई काढत होती." एवढंच. हचिन्स रोडवर ताठ बसलेली बाई इथे गर्दीत मिसळून गेली. मला वाटतं आदर असाच पसरतो, शेजारच्याकडे बघून. तो आखून देता येत नाही असं नाही, पण आखून दिलेला आदर अंगात मुरायला पिढ्या लागतात आणि तेवढा धीर आखणाऱ्यांना क्वचितच असतो.

मग निष्ठेचं काय? ती कशाशी?

बेंगळुरूत हा प्रश्न पुस्तकी नाही. लॅटिन होती तोवर मिस्सा सगळ्यांना सारखीच परकी होती. लोकभाषा आली आणि प्रश्न उभा राहिला: कोणत्या लोकांची? शहरातल्या कॅथलिकांत तमिळभाषक फार, राज्य कन्नडचं, शिवाय कोकणी, मल्याळी, इंग्रजीवाले. चर्चमध्ये कन्नडला तिची जागा द्या म्हणून आंदोलनं झाली, भांडणं दशकानुदशकं चालली. एकमेकांना शांती देण्याचा विधी ज्या मिस्सेत आहे तिच्यावरूनच. यावर हसणं सोपं आहे. पण माणूस देवाशी ज्या भाषेत बोलतो ती त्याच्याकडून काढली तर तो भांडणारच.

भाषांतराचंही तेच. 2011च्या सुमारास इंग्रजी मिस्सा बदलली. "तुमच्याबरोबरही" या अर्थाच्या साध्या उत्तराच्या जागी "आणि तुमच्या आत्म्याबरोबर" असं लॅटिनला चिकटून असलेलं उत्तर आलं. माझ्या पॅरिशमध्ये कित्येक महिने अर्धे लोक जुनं म्हणत, अर्धे नवं. हे मूळाशी निष्ठा म्हणून झालं. मग 2017 साली पोप फ्रान्सिस यांनी चर्चच्या कायद्यातलं भाषांतराचं कलम बदललं. त्यात 'फिदेलितेर' हा शब्द आहे, म्हणजे निष्ठेने. तो शब्द कसा वाचायचा यावरून पोप आणि तेच कार्डिनल सारा यांच्यात मतभेद उघड झाले, आणि ऑक्टोबरमध्ये पोपनी त्यांना लिहून कळवलं की निष्ठा तिहेरी आहे: आधी मूळ पाठाशी, मग ज्या भाषेत आणायचं तिच्याशी, आणि मग ऐकणाऱ्याला कळण्याशी. भाषांतर करणाऱ्या कोणालाही या तिन्ही एकदम सांभाळताना काय होतं ते ठाऊक असतं. एकीला धरावं तर दुसरी हातून सुटते.

आमच्या मराठीत फादर थॉमस स्टीफन्स यांनी यातून वेगळीच वाट काढली होती. 1616 साली रायतूरला छापलेलं त्यांचं ख्रिस्तपुराण ओवीत आहे आणि ते चर्चमध्ये लोकांपुढे वाचलं जाई. वेदीवर लॅटिन तशीच राहिली. तिला हात लावायची त्यांना मुभा नव्हतीच. पण मिस्सेबाहेर त्यांनी गोष्ट लोकांच्या छंदात सांगितली. कळण्याची सोय एकीकडे आणि मिस्सा दुसरीकडे. आपण ते दोन्ही एकत्र केलं. बरं केलं, असंच मला वाटतं. आईची पहिली वीस वर्षं लॅटिन मिस्सेत गेली. बायका मागे बसून जपमाळ ओढत आणि घंटा वाजली की मान वर करत. मराठी मिस्सा सुरू झाली तेव्हा आपण काय म्हणत होतो ते पहिल्यांदा कळलं, असं ती अजून सांगते. तिला जुने दिवस परत नको आहेत.

पण एकत्र केल्यावर एक नवं संकट आलं. मिस्सा कळायला लागली तशी ती आपली वाटायला लागली आणि आपली वाटली की दुरुस्त करावीशी वाटते. मी एका पॅरिशमध्ये काही वर्षं जात असे. तिथले एक फादर मिस्सेच्या सुरुवातीला क्रिकेटचा स्कोअर सांगत, महाप्रार्थनेत स्वतःची दोन-चार वाक्यं घालत, मध्येच थांबून एखाद्या जोडप्याच्या लग्नाच्या वाढदिवसाला टाळ्या घ्यायला लावत. माणूस प्रेमळ होता. लोकांना आवडे. मला तिथे दर रविवारी कोणीतरी खिशातून काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटे. ते काय, हे पुष्कळ दिवसांनी कळलं. मी तिथे त्यांच्या घरी गेले नव्हते. तिथे त्यांच्याइतकाच माझाही हक्क होता आणि त्यांनी ती जागा घरासारखी वापरून मला पाहुणी केलं होतं.

यावर एक रास्त उत्तर आहे. आज जो विधी आपण 'मिळालेला' म्हणून जपतो, तो एके काळी कुणीतरी रचलेलाच होता. पुरोहिताची वस्त्रं ही रोमन माणसाचे बाहेर जायचे कपडे. आणि निष्ठेच्या नावाने केवढं मोडलं गेलं! 1599 साली उदयंपेरूरच्या धर्मसभेत केरळच्या सिरियन ख्रिस्ती लोकांची उपासना रोमच्या मापात बसवली गेली आणि त्यांचे ग्रंथ जाळायला सांगितले गेले. आज त्याच परंपरेतल्या सिरो-मलबार चर्चमध्ये पुरोहिताने वेदीपाशी कोणत्या दिशेला तोंड करून उभं राहावं यावरून एर्नाकुलममध्ये वर्षानुवर्षं भांडण चाललं आहे, आणि दोन्ही बाजू स्वतःला निष्ठावंत म्हणवतात. निष्ठा हा शब्द सत्तेच्या फार सोयीचा आहे, हे मला दिसतं.

तरी मला तो टाकून देता येत नाही आणि त्याचं कारण गहू आहे. बारा मुद्द्यांनी भारतीय मिस्सेत दिवा आणला, आरती आणली, तबक आणलं. भाकर मात्र गव्हाचीच राहिली. चर्चचा कायदा तसंच सांगतो. वसईचा माणूस भात खातो, बेंगळुरूच्या आसपास नाचणी. संस्कृतीचं म्हणाल तर वेदीवर तांदळाची भाकर हवी. पण येशू नावाचा माणूस एका विशिष्ट प्रांतात, एका विशिष्ट रात्री, तिथली भाकर हातात घेऊन जेवायला बसला होता आणि मिस्सा त्या रात्रीची आहे. ती रात्र आपल्याला बदलता येत नाही. ती आपल्या गावात घडली असती तर आपल्याला सोयीचं गेलं असतं, एवढंच. दिवा कसा लावावा हे माझ्या आजीकडून शिकता येईल. भाकर कसली हे तिच्याकडून शिकता येत नाही. या दोहोंत रेघ आहे असं मला वाटतं. ती नेमकी कुठून जाते यावर मी शपथ घेणार नाही. आईने ती फोनच्या पडद्याशी ओढली, मी ओढली नसती.

मागच्या पावसाळ्यात आमच्या एका नातेवाइकांचं निधन झालं. आम्ही वसईला गेलो. चर्च भरलेलं. प्रवचनाऐवजी आठवणी झाल्या. मुलगा बोलला, सून बोलली, पतसंस्थेचे एक पदाधिकारी बोलले, भिंतीवर फोटो सरकत राहिले. अंत्यविधीच्या मिस्सेत प्रवचन असावं, मृताचं गुणगान नसावं, हा चर्चचा नियम आहे, पण रडणाऱ्या घरापुढे तो कोण सांगणार? मीही डोळे पुसत होते. माणूस खरंच चांगला होता. उशीर झाला म्हणून पुढची मिस्सा भराभर म्हणून टाकली. बाहेर छत्र्या उघडताना आई म्हणाली, "मिस्सा कोणाची होती?"

परतल्यावर तिने मला कागद घ्यायला सांगितलं. लिही, म्हणाली. माझ्याबद्दल कोणी बोलायचं नाही. फोटो लावायचे नाहीत. वसईला न्यायला जमलं तर मराठी. नाही जमलं तर इथे, कन्नड असो की इंग्रजी. मी म्हटलं, आई, तुला कन्नड कळत नाही. ती म्हणाली, त्या दिवशी मला काय कळायचंय.

आणि आरती? मी मुद्दाम विचारलं.

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तुम्हाला करावीशी वाटली तर करा. पण दिवा तुम्ही धरा. बाहेरून मुली बोलावू नका."

कागद तिच्या प्रार्थनापुस्तकात आहे. भावाला अजून दाखवलेला नाही. त्याने फोटो जमवायला सुरुवात केली आहे.